वरचं दूध

नारपोली, भिवंडी
१२ ऑक्टोबर १९९१

ती. आक्का यांस,
शेवंताचा सविनय जयभीम.

तुम्ही पाठवलेले अळिवाचे लाडू पोचले. बाळंतिणीसाठी पाठवले होते, पण अर्धे तुमच्या भावानेच संपवले. म्हणतात, "आक्काने केलेत म्हणजे त्यावर पहिला हक्क माझा."

बाळ आता तीन आठवड्यांचं झालं. नाक तुमच्यासारखं आहे, रडणं मात्र माझ्या सासरच्या कुणाचंच नाही, एवढं मोठं! आमच्या चाळीच्या मालकीण गोदूबाई खालून ओरडतात, "शेवंते, पोर हाय का भोंगा हाय गं?" पण रोज संध्याकाळी वर येऊन तिला तेल लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय.

ह्यांचं काम जोरात आहे. कंपनीने सगळी भिवंडी ह्यांच्याकडे दिली. दवाखान्यांत, मेडिकलच्या दुकानांत बाळांच्या पावडरीचे डबे आता ह्यांच्यामार्फत जातात. टाय लावून निघाले की चाळीतल्या बायका "वाल्मीक सर चालले" म्हणतात, आणि मला उगीच हसू येतं.

नळ सकाळी साडेसहाला येतो आणि सातला जातो. तेवढ्या वेळात मी पाणी भरते आणि हे बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजतात, ढेकर काढतात, मगच बॅग उचलतात. असा नवरा कुणाला मिळतो, सांगा.

तुम्ही भात कापणी झाल्यावर नक्की या. बाळाचं नाव तुम्हीच ठेवायचं आहे.

तुमची,
शेवंता


आरोग्य उपकेंद्र, गणेशपुरी
१७ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. शेवंता हिस,
आक्काचा जयभीम आणि बाळीला दोन्ही गालांवर पापे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं.

हे बाळाला दूध पाजतात, असं तू लिहिलंस. आमची आई गेल्यावर वाल्मीकला मी वाढवलं. त्याला गोवर आला, कांजिण्या आल्या, दहावीत गणितात भोपळा आला, सगळं मला ठाऊक आहे. पण त्याला पान्हा फुटल्याचं मला कुणी कळवलं नाही!

आता खरं सांग. बाळ अंगावर पितं की नाही? किती दिवसांपासून नाही? वजन केलंस का? सगळं ठीक असतं तर तू पत्रात नळाची वेळ लिहिली नसतीस, बाळ किती वेळा पितं ते लिहिलं असतंस. अठरा वर्षं मी बाळंतिणी बघतेय.

वाल्मीकने तो डबा घरात आणला असणार. त्याचे कान मी आल्यावर पिरगळीन. तुझ्यावर मी रागावलेले नाही, हे आधी नीट वाच आणि मग उत्तर लिही.

आक्का


नारपोली
२३ ऑक्टोबर १९९१

ती. आक्का,

तुमचं पत्र हातात धरून मी खूप रडले. मग बरं वाटलं.

ह्यांचे कान पिरगळू नका. डबा ह्यांनी आणला नाही, तो दवाखान्यातच मिळाला. बाळ झालं आणि आयाने तिला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे पाळण्यांची रांग आहे. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही झोपा, बाळाचं पोट आम्ही बघतो." पहिल्या दिवसाचा पिवळा चीक त्यांनी पिळून टाकायला लावला. दुसऱ्या दिवशी बाळ माझ्याकडे आणलं, तर ते तोंडच लावेना. मान फिरवून रडायचं. सिस्टर म्हणाली, "तुम्हाला दूध उतरलं नाही." आक्का, ते वाक्य मला असं लागलं! जणू परीक्षेत नापास झाले. घरी येताना डबा, बाटली आणि कापडी टोपी असं सगळं पिशवीत घालून दिलं. पिशवीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं.

हे म्हणाले, आमची पावडर आईच्या दुधासारखीच असते, घाबरू नकोस. मीही मग घाबरायचं सोडलं. पंधरा दिवसांत माझं होतं नव्हतं तेही आटलं.

तुम्हाला लिहिलं नाही कारण लाज वाटली. तुम्ही गावोगाव बायकांना अंगावर पाजायला शिकवता आणि तुमच्याच भावजयीला ते जमलं नाही.

आता त्याहून वाईट सांगते. परवापासून तिला जुलाब होताहेत. बाटली मी धुते, पण नळाचं पाणी कधी कधी तांबूस येतं, आणि रॉकेल संपलं तेव्हा दोन दिवस ती उकळली नाही. सरकारी दवाखान्यात दाखवलं. औषध दिलंय, आज थोडं कमी आहे. पण जन्मावेळचं वजनही उरलेलं नाही.

एकच विचारायचं आहे. गोदूबाई म्हणतात, "आटलं त्ये आटलं. येकदा गेल्यालं दूध परत येत न्हाय." हे खरं आहे का?

शेवंता


गणेशपुरी
२५ ऑक्टोबर १९९१

शेवंता,

हे पत्र वज्रेश्वरी-भिवंडी गाडीचे कंडक्टर सोमा यांच्या हाती देते आहे. पोस्टाची वाट बघण्याची ही वेळ नाही. सोबत जलसंजीवनीच्या पुड्या आहेत. पाणी उकळून गार करून, पुडीवर लिहिलंय तेवढंच घ्यायचं आणि चमच्याने पाजत राहायचं. डोळे खोल गेले, सू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं, तर पत्र वाचत बसू नकोस, उचल आणि दवाखाना गाठ.

आता तुझा प्रश्न. गोदूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की त्यांचं चुकतंय. दूध परत येतं. मी स्वतः चार बायकांचं आलेलं पाहिलंय. एक तर आजी होती, लेकीच्या माघारी नातवाला पाजणारी.

आईचं दूध हंड्यात साठवलेलं पाणी नव्हे की संपलं म्हणजे संपलं. बाळ जितकं ओढतं तितकं ते बनतं. बाळ बाटलीवर गेलं, तुझ्या अंगाला वाटलं कुणी मागत नाही, म्हणून ते थांबलं. आता पुन्हा मागायचं, एवढंच.

बाटली आजपासून बंद. पण डबा एकदम बंद करू नकोस, पोर उपाशी राहील. दूध वाटीत घे. बाळाला उघड्या अंगाने छातीशी धर, मध्ये कापड नको. तिला तोंड लावू दे. ती लगेच चिडेल, कारण बाटलीतून आयतं मिळायची सवय आहे. तेव्हा कुणीतरी वाटीतलं दूध चमच्याने तुझ्या छातीवरून थेंब थेंब ओघळू द्यायचं, बोंडापाशी तिच्या तोंडात जाईल असं. तिला वाटेल, आई देतेय. मग ती ओढत राहील. दिवसातून आठ-दहा वेळा, दोन्ही बाजूंना, कंटाळा न करता. तुझे हात बाळात गुंतलेले असणार, म्हणून चमचा वाल्मीकने धरायचा. पाणीही त्यानेच भरायचं. टाय लावून भरलं तरी चालेल.

आठवडाभर काही दिसणार नाही. तेव्हा रडू येईल. रड, पण बाळाला छातीशी धरून रड. बाळाचं वजन दर तीन दिवसांनी करायचं. थोडं दूध आलं की मगच वाटीतलं थोडं कमी करायचं.

आणि हो, नापास तू झाली नाहीस. तुला परीक्षेला बसूच दिलं नाही.

आक्का


नारपोली
२ नोव्हेंबर १९९१

प्रिय आक्का,

शेवंताने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाचा आणि चमचा घ्या." तेव्हापासून घेतलाय.

आज आठवा दिवस. जुलाब थांबलेत, तेवढं आधी सांगतो. सकाळी निघण्याआधी, दुपारी जेवायच्या सुट्टीत, संध्याकाळी आल्याबरोबर, मी पुढ्यात बसून चमचा धरतो. अर्धं दूध शेवंताच्या पदरावर जातं, बाळ माझ्याकडे अशा नजरेने बघतं जणू मी नवशिका वेटर आहे. काल शेवंता म्हणाली, "अजून थेंबसुद्धा नाही, मी आता थकले." आणि तरी तासाभराने पुन्हा बसली.

आक्का, मी तुला एक गोष्ट सांगणार आहे. ती शेवंताला माहीत नाही आणि तूही सांगू नकोस.

तिने तुला लिहिलं की डबा दवाखान्यात मिळाला. बरोबर आहे. पण दवाखान्यात तो कुणी ठेवला? मी. जानेवारीत मी तिथल्या डॉक्टरबाईंना भेटलो. त्या खोलीतले सगळे पाळणे आमच्या कंपनीने दिलेत, माझ्या शब्दावर. बदल्यात ठरलं की प्रत्येक बाळाची पहिली बाटली आमची आणि घरी जाताना पहिला डबा फुकट. आमच्या मॅनेजरने मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "बाळाला एकदा बाटली लागली की आईचं दूध आपोआप आटतं. मग गिऱ्हाईक जाईल कुठे?" सगळे हसले. मी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं. डायरीत, आक्का! छान अक्षरात.

आणि माझी मुलगी झाली तेव्हा ती माझ्याच पाळण्यात होती. मी काचेतून पाहिलं, आया तिला आमची बाटली देत होती, आणि मला अभिमान वाटला. वाटलं, वाल्मीकच्या पोरीला फुकट आणि फर्स्ट क्लास.

आता रोज चमचा धरताना ते वाक्य आठवतं. शेवंताला वाटतं दोष तिच्या अंगाचा आहे. आणि मी समोर बसून चमचा भरत राहतो. नोकरी आजच सोडू का?

तुझा,
वाल्मीक


गणेशपुरी
६ नोव्हेंबर १९९१

चि. वाल्मीक,

तुझं पत्र आलं. तू शेण खाल्लंस, ते तुला कळलंय, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पण मी तुझ्याहून फार शहाणी आहे असं समजू नकोस. माझ्या उपकेंद्रात भिंतीवर दोन वर्षांपासून एक कॅलेंडर होतं. तुझ्यासारखाच एक टायवाला देऊन गेला होता. त्यावरचं पोर असं गोरंपान, वळ्यांवर वळ्या. पाड्यावरच्या बाया आपल्या काळ्यासावळ्या, चांगल्या तब्येतीच्या लेकरांना कडेवर घेऊन त्याच्याकडे टक लावून बघायच्या आणि विचारायच्या, "बाई, ह्यो पोरगा काय पितो?" मी हसायचे आणि लस टोचायचे. ते माझ्या भिंतीवर आहे म्हणजे 'हा डबा घ्या' असं मीच बायांना सांगतेय, हे मला कधी सुचलं नाही. आज काढलं. चुलीत घालणार होते, पण मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर अंगावर कसं पाजायचं त्याची चित्रं काढतेय. माझी चित्रं बघून बाया हसतात, म्हणजे बघतात तरी.

नोकरी आज सोडू नकोस. तू नुसता पळून गेलास तर उद्या तुझ्या जागी दुसरा टाय येईल आणि पहिली बाटली चालूच राहील. जी सवय तू लावलीस ती तूच मोड. डॉक्टरबाईंकडे जा आणि तोंडाने सांग. नोकरीचं त्यानंतर बघ.

आणि शेवंताला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. ती स्वतःला दोष देत बसलीय, आणि ते ओझं तुझं आहे. लवकर उचल.

आक्का


नारपोली
१३ नोव्हेंबर १९९१

आक्का! आलं!

कसं सांगू, सुरुवातीपासून सांगते. काल सकाळी हे बाळाला घेऊन बसले होते आणि हंडे भरायला मीच गेले. नळावर मोठी रांग. रांगेतल्या एका बाईचं तान्हं रडायला लागलं, आणि माझ्या छातीत एकदम कळ आली, मुंग्या आल्यासारखं झालं. मला वाटलं थंडीने. तेवढ्यात गोदूबाई जिन्यातून ओरडल्या, "अगं शेवंते! चोळी बघ तुजी, वली झाली!"

मी म्हटलं, "हंड्याचं पाणी सांडलं असेल."

"हंडा अजून रिकामा हाय, येडे! पानी न्हाय त्ये. दूध हाय, दूध!"

आक्का, अख्ख्या नळाने ऐकलं. मी लाजून मरायची, पण मला लाजच वाटेना. पुढे उभी असलेली बाई यूपीची, तिने माझा हंडा ओढून घेतला, "जाओ बहन, पहले बच्ची को पिलाओ, पानी हम भर देंगे." मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. हे दचकून उभेच राहिले. त्यांना वाटलं मी पडले.

बाळ प्यायलं. चमच्याशिवाय. गिळतानाचा आवाज येतो ना, गुटुक गुटुक, तो मी पहिल्यांदा माझ्या अंगावर ऐकला. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

अजून पुरेसं नाही, वाटी चालू आहे, पण काल अर्धी आणि आज त्याहून कमी लागली. गोदूबाई संध्याकाळी शेपूची भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुज्या नणंदेला लिव, गोदी चुकली. पन कुनाला सांगू नको म्हनावं." मी तर तुम्हाला लिहिलंच. हे मात्र गप्प गप्प आहेत. आनंदाने झाले असतील.

तुमची आनंदाने वेडी,
शेवंता


नारपोली
२९ नोव्हेंबर १९९१

प्रिय आक्का,

शेवंताला सांगितलं. सगळं, डायरीतल्या वाक्यासकट.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला वाटलं होतं माझ्यातच काही कमी आहे. एवढे दिवस तुम्ही बघत होतात." मी म्हटलं, "हो." सबब सांगितली नाही. मग तिने विचारलं, "डॉक्टरबाईंकडे कधी जाणार? मी येते. बाळालाही नेऊ."

असे आम्ही तिघं गेलो. टाय न लावता. डॉक्टरबाईंना वाटलं नवीन स्कीम घेऊन आलोय. मी म्हटलं, "बाई, पहिली बाटली बंद करा. मी ती सुरू करायला नको होती."

त्या वाईट नाहीत, आक्का. म्हणाल्या, "वाल्मीक, माझ्याकडे दोन सिस्टर आणि एक आया. बाळ रडतं, आई दमलेली, सासू भांडते. बाटली दिली की वॉर्ड शांत. बाळाला तोंड लावायला शिकवत कोण बसणार?"

तेवढ्यात बाळ रडलं, शेवंताने तिथेच खुर्चीत बसून तिला पदराखाली घेतलं. डॉक्टरबाई चष्मा सरकवून बघतच राहिल्या. "हिला तर दूध उतरलंच नव्हतं. पावडर मीच लिहून दिली होती."

शेवंता म्हणाली, "परत आणलं. अठरा दिवस लागले. पहिल्याच दिवशी बाळ माझ्याजवळ दिलं असतं, तर अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी येऊन बसेन."

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "एक महिना करून बघू."

मॅनेजरला कळल्यावर तो भिवंडीला धावत आला. "आपल्याच पायावर धोंडा मारतोस?" मी म्हटलं, "तुमच्या पायावर, साहेब," आणि बॅग परत केली. पाळणे मात्र डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलेत. आता ते प्रत्येक आईच्या खाटेला लावलेत.

दापोड्याला एका गोडाऊनवर सुपरवायझर म्हणून लागलोय. कापडाच्या गाठी चढवायच्या आणि उतरवायच्या. कुणी 'सर' म्हणत नाही, 'वाल्मीकभाई' म्हणतात. झोप चांगली लागते.

वाल्मीक


गणेशपुरी
४ डिसेंबर १९९१

चि. वाल्मीक आणि चि. सौ. शेवंता,

तुमचं पत्र मी पाड्यावर जाताना बांधावर बसून वाचलं. कापणी संपलीय, खळ्यावर भात झोडताहेत. बायकांनी विचारलं, "बाई, का हसताय?" मी म्हटलं, माझ्या घरी पाऊस न पडता विहीर भरली.

येत्या रविवारी विहारात नाव ठेवू. मी शनिवारीच येते. नाव मी ठरवलंय, गौतमी. आई गेल्यावर बाळ सिद्धार्थाला जिने आपलं दूध पाजून वाढवलं, तिचं नाव. भन्तेजींना आवडेल आणि तुम्हाला न आवडलं तरी चालेल, कारण हक्क माझा आहे.

आक्का


नारपोली
२० फेब्रुवारी १९९२

ती. आक्का यांस जयभीम.

एक महिना कधीच संपला. मी अजून जाते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, गौतमीला कडेवर घेऊन. ती आता एवढी जड झालीय की दवाखान्याचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. डॉक्टरबाईंनी दारावर पाटी लावली, बाळ आईजवळच राहील. सिस्टर आधी कुरकुरत होती, आता मला बघून म्हणते, "तीन नंबरला जा, ती घाबरलीय."

परवा तीन नंबरला जुबेदा होती. नवरा पॉवरलूमवर कामाला, सासू गावाकडे, इथे मोठं कुणी नाही, पहिलं बाळ. तोंड पाडून बसली होती. म्हणाली, "मेरे को दूध ही नहीं है, दीदी. मेरी सास ने पहले ही बोला था."

मी म्हटलं, "किसने नापा?" मग मी तिच्या बाळाला उचललं, उघडं केलं, तिच्या छातीवर ठेवलं. मान कशी धरायची, हनुवटी कुठे लावायची, सगळं तुम्ही नाव ठेवायला आलात तेव्हा दाखवलंत तसं. बाळ शोधत राहिलं. चुकलं, रडलं, पुन्हा शोधलं. जुबेदाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. गौतमी तिच्या खाटेच्या पायथ्याशी पालथी पडून पाय झाडत होती, तिला वाटलं खेळ चाललाय.

आणि मग बाळाने धरलं. जुबेदाचे डोळे एकदम उघडले. "दीदी, ये तो खींच रहा है!" आणि ती हसायला लागली, अशी मोठ्याने की सिस्टर धावत आली. तिच्या बोटावर पिवळा चीक लागला होता. तिने तो उजेडात धरून पाहिला. "ये? ये फेंकते हैं लोग?"

"आता नाही फेंकते," मी म्हटलं. माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे.

घरी निघायला पदर खोचला. गौतमीच्या भुकेची वेळ झाली होती, आणि हेही दापोड्याहून यायचे होते. दारापर्यंत पोचले, तर चार नंबरच्या खाटेवरून एक हात वर झाला. आदल्या दिवशी बाळंत झालेली पोरगी, कुठल्याशा पाड्यावरची, नाव अजून विचारलंही नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "माज्याकडं पन येशील का?"

मी पिशवी खाली ठेवली.

तुमची,
शेवंता